कृ. मा. प.

माणसाचा धंदा त्याच्या नजरेत उतरतो. शिंपी समोरच्याचा चेहरा पाहण्याआधी त्याच्या सदऱ्याची शिलाई पाहतो. दाताचा डॉक्टर आपण हसलो, की मनातल्या मनात खर्चाचा अंदाज करतो. मी बँकेतला कारकून. मी कुठल्याही गोष्टीची आधी पाठ पाहतो.

याला कारण आहे. चेकच्या पुढल्या बाजूवर काय असतं? रक्कम, तारीख आणि ऐटदार सही. खरी भानगड मागे असते. तो कुणाकुणाच्या हातांतून फिरला, कुणी कुणाच्या नावानं करून दिला, कुणाचा शिक्का उलटा पडला, हे सगळं पाठीवर लिहिलेलं असतं. एकवीस वर्षं ही नोकरी केल्यावर हात आपोआप वस्तू उलटी करतो. लग्नाची पत्रिका आली, की मी मागे छापखान्याचं नाव पाहतो. ताट हातात आलं, की ते कुणाच्या मुंजीतलं आहे हे पाहतो. हिचा फोटो पहिल्यांदा आमच्या घरी आला, तेव्हाही मी तो उलटा केला होता. मागे स्टुडिओचा शिक्का होता आणि तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. पाहण्याच्या कार्यक्रमात मी ती गोष्ट हिच्या वडिलांच्या लक्षात आणून दिली. तेव्हापासून आजतागायत ही मला त्या गोष्टीची आठवण करून देत आहे.

तर अशा या माझ्या हातात गेल्या दिवाळीत एक कार्ड आलं.

दापोलीकडच्या आमच्या गावच्या घराचा माळा कोसळायला आला होता. त्या घराच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत, पण माळा उतरवायला आम्ही दोघंच गेलो होतो, मी आणि माझा चुलतभाऊ दादा. वाळवीनं आपला हिस्सा अगोदरच घेतला होता. उरलेल्यात एक पत्र्याची पेटी निघाली. पेटीत अडकित्ता, जुन्या पंचांगांचा गठ्ठा, एक फुटका चष्मा आणि सोवळ्याच्या फडक्यात गुंडाळलेलं एक चित्राचं पोस्टकार्ड.

चित्र मुंबईच्या राजाबाई टॉवरचं. आता टॉवर मी ओळखतो. गेली एकवीस वर्षं मी सकाळी व्ही. टी.ला उतरून त्याच बाजूला बँकेत जातो. पण कार्डावरचा टॉवर आमच्या कॅन्टीनमधल्या बर्फीसारखा गुलाबी होता. मागचं आभाळ पिस्त्याच्या रंगाचं. खाली एक घोडागाडी आणि छत्री घेतलेले दोन गृहस्थ. ऊन नाही, पाऊस नाही, तरी छत्र्या उघड्या.

"इश्श, केवढा तो गुलाबी!" घरी आल्यावर ही म्हणाली. "आपल्या न्हाणीघराला हाच रंग म्हणत होते मी."

मी सवयीप्रमाणे कार्ड उलटं केलं. अर्ध्या भागात पत्ता होता. तिकिटावर सातव्या एडवर्डचं दाढीवालं डोकं होतं. त्यावर टपालाचा शिक्का इतका पुसट, की तो आमच्याच शाखेत मारला असावा अशी शंका यावी. उरलेल्या अर्ध्या भागात शाईनं लिहिलेला मजकूर होता. शिरोरेषा आधी ओढून घेऊन तिच्याखाली अक्षरं टांगलेली, एकही वेलांटी धड वेगळी नाही. सगळा मजकूर मोडीत.

म्हणजे पाहा. सगळ्या जगाची पाठ वाचणारा मी, आणि माझ्याच पणजोबांच्या कार्डाची पाठ मला वाचता येईना!

इथे दादा एकदम जागा झाला. गावाहून निघेपर्यंत त्याचं लक्ष अडकित्त्यावर होतं. मोडी म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. कोकणातल्या माणसाच्या मते मोडीत दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात : जमिनीची वाटणी आणि पुरलेलं धन. "खालच्या बागेचा विषय असणार," तो म्हणाला. "ती बाग आमच्या आजोबांची होती, हे मी लहानपणापासून ऐकतोय." कार्ड माझ्याकडे ठेवायला तो तयार झाला, पण मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून घेतल्यानंतरच.

मोडी वाचणारा मिळेपर्यंत निदान कार्डाची किंमत तरी कळावी, म्हणून मी फोर्टातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. दुकानदारानं चित्र पाहिलं आणि मान हलवली. मग कार्ड उलटलं आणि तोंड वाकडं केलं.

"लिहिलंय," तो म्हणाला.

"कार्डावर लिहितातच ना?"

"कोरं असतं तर जास्त दिले असते. आठशे देतो."

मला हे गणितच कळेना. आमच्याकडे सही नसलेल्या चेकला कुणी चहासुद्धा पाजत नाही, आणि इथे कोऱ्याला जास्त भाव! पण माणूस बोलका होता. माझ्यासारखा गिऱ्हाईक रोज येत नसावा, किंवा कुणीच येत नसावं. त्यानं स्टूल दिलं, मुंबईच्या कार्डांचा एक खोका पुढे सरकवला, आणि त्या दिवसापासून माझी जेवणाची सुट्टी तिथे जाऊ लागली.

मी शिकलेलं थोडक्यात सांगतो. जगातलं पहिलं पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ रोजी आलं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. ही झाली सरकारी, बिनचित्राची कार्डं. ब्रिटनमध्ये खाजगी छापखान्यांना चित्राची कार्डं काढून टपालात टाकायची मुभा १८९४ मध्ये मिळाली. पण गंमत अशी, की तेव्हा कार्डाची एक अख्खी बाजू पत्त्यासाठी राखून ठेवलेली असे. मजकूर लिहायचा तो चित्राच्याच बाजूला, उरलेल्या पट्टीत. त्यामुळे सुरवातीच्या कार्डांवर किल्ल्याच्या बुरुजाला वळसा घालून "इकडील सर्व कुशल आहे" लिहिलेलं असे. १९०२ मध्ये ब्रिटनच्या टपाल खात्यानं पाठीवर मध्ये रेघ मारायची परवानगी दिली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. पाठीची वाटणी झाली आणि चित्राला अख्खं घर मिळालं. आमच्या सत्तावीस जणांची वाटणी इतक्या सहज झाली असती तर माळा पडला नसता.

कार्डाचं वय असं ठरतं. माझ्या कार्डाच्या पाठीवर रेघ आहे, म्हणजे ते १९०२ नंतरचं. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत 'जर्मनीत छापले' असं आहे, म्हणजे १९१४ चं महायुद्ध सुरू होण्याआधीचं, कारण पुढे तो माल यायचा बंद झाला. तिकिटावर एडवर्ड, आणि एडवर्ड १९१० मध्ये वारला. बँकेत सहीचा नमुना ताडून पाहण्याइतकंच हे काम किचकट आहे. फरक इतकाच, की इथे चुकलं तर पगारातून कापत नाहीत.

इतर कार्डांचीही तीच तऱ्हा. रस्त्यात घोड्यांची ट्राम दिसली तर चित्र १८७४ ते १९०५ मधलं. विजेची ट्राम दिसली तर १९०७ नंतरचं, आणि ३१ मार्च १९६४ च्या आधीचं, कारण त्या रात्री मुंबईतली शेवटची ट्राम धावली. ताजमहाल हॉटेल आहे पण समोर गेटवे नाही, असं चित्र दिसलं तर गोंधळू नका. ताज १९०३ मध्ये उघडलं आणि गेटवे १९२४ मध्ये. मधली वीस-एकवीस वर्षं हॉटेल बिचारं दाराशी कमान नसल्यासारखं उभं होतं.

या ताजबद्दल आपण सगळ्यांनी एक गोष्ट ऐकलेली असते. नकाशा काढणारा गोरा इंजिनियर विलायतेला गेला, परत येऊन पाहतो तो हॉटेल उलटं बांधलेलं, पुढची बाजू मागे! मग त्यानं म्हणे जीव दिला. मीही ही गोष्ट आल्यागेल्या पाहुण्यांना, गेटवेवर शेंगदाणे खात, पुष्कळदा सांगितली आहे. ती साफ खोटी. हॉटेलचा आराखडा करणारा मूळ माणूस गोरा नव्हताच. ते होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आपले मराठी. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा होते. काम चालू असतानाच वैद्य वारले आणि मग चेंबर्स या इंग्रजानं ते पुरं केलं. हॉटेल उलटंही नाही. त्या वेळी घोडागाड्या शहराच्या बाजूनं येत, म्हणून मुख्य दार तिकडे ठेवलं होतं. एका मराठी माणसानं इतकं सरळ बांधलं आणि आम्ही शंभर वर्षं त्याला उलटं म्हणत बसलो. तेही इंजिनियरचं नाव न विचारता!

खोक्यात काळ्या घोड्याचं कार्ड होतं. घोड्यावर स्वार म्हणजे माझ्या तिकिटावरचाच एडवर्ड, फक्त युवराज असतानाचा. आल्बर्ट ससून यांनी तो पुतळा १८७९ मध्ये शहराला दिला. १९६५ मध्ये तो तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. त्यानंतर पन्नासएक वर्षं तिथे घोडा नव्हता, पण लोक पत्ता सांगताना 'काळ्या घोड्याशी' असंच सांगत आणि पत्र बरोबर पोचे. २०१७ मध्ये त्या भागात नवा घोडा बसवला. यावेळी स्वाराशिवाय. राजाला उतरवून घोड्याला परत बोलावणारं हे बहुधा एकमेव शहर असावं.

एका कार्डापाशी मात्र मी हसायचा थांबलो. वॉटसन हॉटेल. वॉटसन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं ते बांधलं. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, तुकड्यातुकड्यांनी बोटीवर घालून आणला, इथे जोडला आणि १८६९ पर्यंत उभा केला. आपण आज कपाट मागवतो तसं त्या काळी पाच मजली हॉटेल मागवलं म्हणायचं. मार्क ट्वेन १८९६ मध्ये तिथे उतरला होता. त्याच वर्षी ७ जुलैला ल्यूमिएर बंधूंच्या माणसानं तिथेच भारतातला पहिला सिनेमा दाखवला. तिकीट एक रुपया. कार्डावर हॉटेलचे सज्जे कसे झोकात आहेत! आता त्याच इमारतीसमोरून मी जातो. तिचं नाव पुढे एस्प्लनेड मॅन्शन झालं, आत वकिलांच्या खोल्या आल्या, २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला आणि २०१९ मध्ये कोर्टाच्या हुकुमानं ती रिकामी झाली. इतकी वर्षं मी तिच्यासमोरून जाताना वर पाहत असे, ते डोक्यात काही पडू नये म्हणून. त्या दिवशी कार्ड पाहून गेलो आणि पहिल्यांदा वाटलं, की आपण एवढं भिऊन पाहत होतो, पण पाहत कुठे होतो?

आणि मग आमचा टॉवर. याची गोष्ट बँकेच्या माणसानंच सांगावी अशी आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा असा पूर आला, की तो ठेवायला जागा नव्हती. म्हणून समुद्र बुजवून जागा करायच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरांवर गाव वेडं झालं. या सगळ्याचे सम्राट प्रेमचंद रायचंद. त्यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि लगेच मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं, राजाबाई. पुढल्याच वर्षी, १८६५ मध्ये, अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस घसरला आणि शेअर कागदाच्या भावात आले. ज्या बँक ऑफ बॉम्बेनं शेअरांवर सढळ हातानं कर्जं दिली होती ती १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. प्रेमचंद स्वतःही बुडाले. पण देणगी तेजीत दिली होती, ती परत मागता येत नव्हती. त्या तेजीतलं आज डोळ्यांनी दिसतं असं काय उरलं, तर आईच्या नावाचा हा मनोरा. आमच्या म्यानेजरांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तारण चांगलं होतं."

बांधकाम १८६९ ते १८७८ चाललं. उंची २८० फूट. त्याचं घड्याळ टोले देताना इंग्रजी सुरावटीही वाजवी. त्यांत त्यांचं राष्ट्रगीतही होतं. असं सांगतात, की राजाबाईंना दिसत नसे आणि जैन रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून वेळ कळावी यासाठी लेकानं हे टोले दिले. ते खरं असो नसो, गोष्ट अशी आहे की कुठल्याही लेकाला आवडावी.

पण मला भलतीच गोष्ट आवडली. मनोऱ्याचा नकाशा काढला सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, लंडनमध्ये बसून. ते मुंबईला कधी आलेच नाहीत. म्हणजे ज्यानं मनोरा रेखला त्यानं तो पाहिला नाही. कार्ड जर्मनीत रंगलं. मूळ फोटो काळापांढरा, आणि रंग भरणाऱ्या कारागिरानं मुंबई पाहिलेली असायचं काही कारण नाही. मनोरा आहे कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा. त्यानं आपल्या मनानं केला गुलाबी. म्हणजे ज्यानं रंगवला त्यानंही तो पाहिला नाही. ज्या गावी कार्ड गेलं, तिथल्या कुणीही तो पाहिलेला नव्हता. आणि चौथा मी. एकवीस वर्षं त्याच्या आसपास वावरलो, त्याच्या घड्याळावर माझं मनगटी घड्याळ लावलं, पण त्या मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे आहेत, हे मला कार्डाच्या दुकानात कळलं! ते पुतळे ज्यांच्या देखरेखीखाली घडले ते असिस्टंट इंजिनियर मुकुंद रामचंद्र. त्यांनी मात्र मनोरा पाहिला, दगडादगडानं पाहिला. त्यांचं नाव कुठल्याच कार्डावर नाही.

नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी कारकुनाला पटवून द्यावं लागतं, आणि कारकून ते एकदम मान्य करत नाही. त्या रांगेत एक काका होते. अंगठा यंत्रावर उमटेना, म्हणून त्यांना बसवून ठेवलं होतं. बोलता बोलता म्हणाले, दप्तरखान्यात नोकरी केली, जन्मभर मोडी कागद चाळले, रेषा तिथेच झिजल्या. मी खिशातून कार्ड काढलं. रांगेतले बाकीचे जिवंत तसेच उभे राहिले.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सातबारा वाचावा तशा आवाजात वाचू लागले. मजकूर असा होता :

"तीर्थरूप वडिलांचे सेवेसी शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. मुंबईस सुखरूप पोचलो. बोटीत त्रास जाहला नाही. पगार हाती येताच रुपये पाच रवाना करितो. चित्रातील मनोरा आमचे कचेरीजवळ असे. त्यास मोठे घड्याळ असून ठोके देते. चित्र घरात दाखवावे. कळावे ही विज्ञापना."

"एवढंच?" मी विचारलं. "खालच्या बागेचं काही?"

"बाग नाही. धनही नाही," काका म्हणाले. अशी निराशा त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिली असावी. मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हसले. "काय हो, घरात दाखवावे म्हणजे कुणाला दाखवावे?"

"घरच्यांना."

"अहो, तुम्ही आजकालचे. कार्ड वडिलांना लिहिलंय. वडील घरातच बसलेत. मग 'घरात' म्हणजे कोण?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुन्या माणसांना बायकोचं नाव घ्यायची चोरी. "आमच्या घरात बरं नाही" म्हणजे बायको आजारी. "घरात विचारून सांगतो" म्हणजे बायको नको म्हणणार. पणजोबा नव्या नवलाईच्या बायकोला मागे ठेवून मुंबईत कारकुनी करायला आलेले. तिला पत्र लिहायची सोय नव्हती. लिहिलं असतं तरी ते पडवीत बसून सासऱ्यानं मोठ्यानं वाचलं असतं. आणि तिला तर अक्षरओळखच नव्हती. साधं कार्ड एका पैशाला मिळत होतं. निरोप त्यावरही मावला असता. पण या गृहस्थानं पाच रुपये घरी पाठवण्याच्या पगारात चित्राचं कार्ड घेतलं, कारण त्या घरात एका माणसाला तेवढंच वाचता येणार होतं.

म्हणजे इतके दिवस मी ज्या पाठीसाठी जीव टाकत होतो, ती नुसतं पाकीट होती. पत्र पुढल्या बाजूला होतं! गुलाबी, पिस्त्याच्या आभाळाचं, छत्रीवाल्या माणसांचं. त्यातला एक छत्रीवाला 'आपला' असेल का, असं पणजीनं कितीदा पाहिलं असेल, देव जाणे. ती मुंबईला कधीच आली नाही. पण कार्ड तिनं सोवळ्याच्या फडक्यात ठेवलं, आणि सोवळ्याच्या फडक्याला तिच्याशिवाय दुसरं कुणी हात लावत नसे.

काकांचा अंगठा तेवढ्यात यंत्रानं मान्य केला. मी त्यांना उभं राहून दाखला दिला. एरवी आम्ही बसून देतो.

संध्याकाळी दादाला फोन केला. "बागेचं काहीच नाही?" त्यानं चारदा विचारलं. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "पणजीचं आहे होय? मग तुझ्याकडेच ठेव. अडकित्ता मी ठेवतो." आमच्या घराण्यातली ही पहिली वाटणी, जी कोर्टात गेली नाही.

दुकानदारानं हजारपर्यंत भाव नेला. मी नाही म्हटलं. "लिहिलेलं आहे हो," तो समजुतीनं म्हणाला. "म्हणूनच," मी म्हटलं. पण ते पुरतं खरं नव्हतं. आता मला पाठीइतकाच तोंडवळाही हवा होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ओव्हल मैदानाच्या कडेला जाऊन बसलो आणि टॉवरकडे पाहिलं. म्हणजे घड्याळ पाहिलं नाही, टॉवर पाहिला. २०१५ मध्ये त्याची दुरुस्ती पुरी झाली आहे. २०१८ मध्ये युनेस्कोनं त्या भागातल्या जुन्या इमारतींना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या यादीला माझी वाट पाहायची काही गरज नव्हती. उन्हात दगड मधासारखा दिसत होता. वरच्या पुतळ्यांपैकी मला खालून सातच मोजता आले. कार्डातल्या छत्र्यांचं कोडंही सुटलं. डोक्यावर ऊन असं होतं, की मीही छत्री उघडली असती. जर्मन कारागिरानं ऊन रंगवायचं सोडून दिलं होतं, एवढंच.

एक फोटो काढला आणि मोबाईलवरून 'घरात' पाठवला. खाली लिहिलं, "हा मनोरा आमचे कचेरीजवळ असे."

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "छान आहे. पण गुलाबी नाही. येताना कोथिंबीर आणा."

तेवढ्यात टॉवरवर दोनाचा ठोका पडला. सुट्टी दीडला संपते. मी डबा तसाच बंद करून पळत सुटलो.